मन दोषी ठरवते तेव्हा कोणाचे ऐकावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदराच्या गावातून एका तरुण बंधूने प्रश्न विचारला आहे. त्याचा आशय असा: ‘माझा बाप्तिस्मा होऊन नऊ वर्षे झाली. उपासना चुकवत नाही, पवित्र शास्त्र रोज वाचतो, तरी एकच पाप माझ्या हातून पुन्हा पुन्हा घडते. क्षमा मागतो, चार आठवडे बरे जातात आणि मी परत तिथेच येऊन पडतो. आता तर क्षमा मागायचीही लाज वाटते. वचन म्हणते क्षमा झाली, माझे मन म्हणते तू ढोंगी आहेस. मी कोणाचे खरे मानू? आणि मी खरोखर देवाचा आहे की नाही?’

प्रिय बंधू, दक्षिण कोकणातील लहान लहान मंडळ्यांत मी एकतीस वर्षे पाळक म्हणून सेवा केली आणि या काळात हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, कोणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, कोणी इस्पितळाच्या व्हरांड्यात, तर एकाने ऐन पावसात धक्क्यावर उभे राहून. म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग त्याची कारणे मांडतो. तुमचे मन तुम्हाला ढोंगी म्हणते, त्यात काही अंशी तथ्य असेलही, परंतु निवाडा करण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही. पापाविषयी देव जे म्हणतो ते तुम्ही मान्य केले आहे. क्षमेविषयी तोच देव जे म्हणतो तेही तितक्याच निमूटपणे मान्य करावे लागेल. यातला पहिला भाग आपल्याला पटतो आणि दुसऱ्यावर आपण अडतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भाषेत पाप हा शब्द फार जुना आहे आणि त्याच्या जोडीला पुण्य हा शब्द ठेवलेलाच असतो. पापाचा घडा भरला, असे आपण सहज म्हणून जातो. त्यामुळे मराठी माणूस, मग तो ख्रिस्ती असला तरी, पापाकडे खतावणीसारखे पाहतो: इकडे इतके जमा, तिकडे इतके खर्च आणि शेवटी काही शिल्लक. तुमच्या पत्रातही हा हिशेब दिसतो. नऊ वर्षे, चार आठवडे, पुन्हा एकदा. पवित्र शास्त्रात पापाची समज याहून खोल आहे. जुन्या करारात पापासाठी जो इब्री शब्द सर्वांत जास्त येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामिनी वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणकरांचे वर्णन आहे, ज्यांचा नेम केसाइतकाही चुकत नसे. तिथे हेच क्रियापद वापरलेले आहे. नव्या करारातील ग्रीक शब्दही याच अर्थाचा आहे. म्हणजे प्रश्न केवळ अमुक एक कृत्य किती वेळा घडले, हा नाही. ज्याच्याकडे आपले तोंड असायला हवे होते त्याच्यापासून आपला संपूर्ण रोख ढळला आहे आणि प्रत्येक कृत्य त्या ढळलेल्या रोखातून निघते. म्हणूनच दावीद राजा 51 व्या स्तोत्रात एका रात्रीच्या कृत्यावर थांबत नाही; आपण जन्मापासूनच असे आहोत असे म्हणतो आणि देवाकडे डागडुजी न मागता नवे, शुद्ध हृदय मागतो.

आपला रोख ढळला आहे हे आपल्याला स्वतःहून कळत नाही, आणि अडचण नेमकी इथे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनामंदिराची पश्चिमेकडील भिंत पावसाने खचली आणि ती जांभ्या चिऱ्यांत नव्याने बांधायला घेतली. मी रोज संध्याकाळी रस्त्यावरून पाहत असे आणि मला ती भिंत सरळ दिसत असे. सातवा थर चढला त्या दिवशी थोरल्या गवंड्याने वरच्या चिऱ्याच्या कडेला ओळंबा सोडला. दोरी वर चिऱ्याला टेकलेली होती. खाली पायाशी दोरी आणि चिरा यांमध्ये माझी दोन बोटे सहज गेली. भिंत बाहेरच्या अंगाला झुकत होती. मी म्हटले, डोळ्यांना तर काहीच कळत नव्हते. तो मालवणीत म्हणाला, ‘डोळ्याक सरळ दिसला म्हणान सरळ आसता असा नाय, साहेब.’ आणि त्याने मुकाट्याने चार थर उतरवून घेतले.

आमोस संदेष्ट्याला दृष्टान्तात प्रभू हाती ओळंबा घेऊन भिंतीवर उभा असलेला दिसतो. आमोसाचा सातवा अध्याय मी पूर्वी अनेकदा वाचला होता, पण त्या संध्याकाळपासून तो मला वेगळा वाटू लागला. एक तर, ओळंबा भिंतीच्या मताने चालत नाही. तो पृथ्वीच्या ओढीने सरळ लोंबतो, भिंतीला ते रुचो वा न रुचो. देवाचे सत्य तसे आपल्या बाहेरचे आहे. यिर्मयाने मनुष्याच्या हृदयाला सर्वांत कपटी म्हटले आहे, ते याचसाठी. आपण हृदयाला विचारतो तेव्हा झुकलेल्या भिंतीलाच तिचा कल विचारत असतो. दुसरे असे की, ओळंब्याने भिंत सरळ होत नाही. तो वाकडेपणा दाखवतो आणि तिथे त्याचे काम संपते. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नियमशास्त्राविषयी, म्हणजे मोशेच्या द्वारे दिलेल्या देवाच्या आज्ञांविषयी, हेच सांगितले आहे, की त्याच्या द्वारे पापाची ओळख होते, पण त्याच्या कृत्यांनी कोणीही नीतिमान ठरत नाही. तुम्ही नऊ वर्षे ओळंबा हाती धरून भिंत सरळ करू पाहत आहात. रोज वाचता, रोज वाकडेपणा मोजता आणि रोज थोडे अधिक खचता. वाचन चुकीचे नाही. ज्या कामासाठी गवंडीच लागतो ते काम तुम्ही दोरीकडून करवून घेत आहात.

आता तुमच्या मनाविषयी. मनाचे कपट म्हणजे पापावर पांघरूण घालणे, असे आपण समजतो. परंतु ते दोन्ही बाजूंनी खोटे बोलते. आमच्या मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ आंब्याचा व्यापार करीत. आता ते हयात नाहीत, आणि ही गोष्ट इतरांना सांगावी असे त्यांनीच मला म्हटले होते. त्यांच्याकडून मुंबईला जाणाऱ्या पेट्यांत वरच्या थराला मोठे, एकसारखे, देठाजवळ केशरी छटा आलेले हापूस असत आणि पेंढ्याखालच्या थरात बारके, डागी, कधी दुसरीकडून आणलेले फळ असे. सात-आठ हंगाम असे चालले. त्यांनी या गोष्टीला कधीही पाप म्हटले नाही. आधी ते तिला व्यवहार म्हणत, मग सगळेच करतात असे म्हणू लागले, आणि अगदी शेवटी, जेव्हा त्यांना रात्री झोप येईनाशी झाली तेव्हा, चूक म्हणू लागले. पापाला आपण देतो ती सौम्य नावे ऐकली की मला नेहमी या तीन शब्दांची आठवण होते. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो, हे नीतिसूत्राच्या अकराव्या अध्यायातील पहिलेच वचन त्यांनी एका रविवारी ऐकले आणि त्याच संध्याकाळी ते माझ्या घरी आले. रडत रडत त्यांनी सगळे सांगितले. ज्या गिऱ्हाइकांचे पत्ते सापडले त्यांचे पैसे परत केले. दोघांचे पत्ते काही केल्या मिळाले नाहीत.

इथपर्यंत सगळे योग्य झाले. पण त्यानंतर दीड वर्ष ते प्रभुभोजनाला आले नाहीत. उपासनेला येत, शेवटच्या बाकावर बसत आणि भाकर व पेला फिरू लागला की उठून बाहेर जात. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘माझ्यासारख्याला माफी मिळते, हे मला खरे वाटत नाही.’ ज्या मनाने आठ हंगाम त्यांना सांगितले होते की हे पाप नाही, तेच मन आता सांगत होते की याला क्षमा नाही. साक्षीदार तोच, आणि दोन्ही वेळा देवाच्या वचनाविरुद्ध बोललेला. तरी दोन्ही वेळा त्यांनी त्यालाच प्रामाणिक मानले.

योहानाच्या पहिल्या पत्रात याविषयी इतके स्पष्ट लिहिलेले आहे की ते पत्र तुम्ही एका बैठकीत वाचून काढावे. पाचच अध्याय आहेत. पहिल्या अध्यायाच्या अखेरीस योहान म्हणतो की आपण पाप केले नाही असे म्हणालो तर आपण देवाला लबाड ठरवतो. हे वचन आपल्याला माहीत असते. परंतु पाचव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात तोच आरोप दुसऱ्या बाजूने येतो: देवाने आपल्या पुत्राविषयी जी साक्ष दिली तिच्यावर जो विश्वास ठेवत नाही, त्यानेही देवाला लबाड ठरवले आहे. पाप नाकारणारा आणि क्षमा नाकारणारा, दोघेही देवाला एकच गोष्ट म्हणत असतात. आपल्याला क्षमा नाकारणे नम्रतेसारखे वाटते, आणि म्हणूनच ते ओळखणे फार कठीण जाते.

पाप पदरी घेणे, म्हणजे ते कबूल करणे, असे आपण म्हणतो, त्यासाठी त्या पत्रात वापरलेल्या ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ आहे तेच बोलणे. देव ज्याला जे म्हणतो, त्याला मीही तेच म्हणणे. तो व्यापाराला फसवणूक म्हणत असेल तर मीही फसवणूक म्हणायचे, चूक म्हणायचे नाही. आणि तो क्षमा झाली म्हणत असेल तर मीही क्षमा झाली म्हणायचे. हे बोलताना अंगावर काटा आला की नाही, डोळे भरून आले की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच अध्यायात देव विश्वासू आणि न्यायी आहे, म्हणून तो क्षमा करील, असे म्हटले आहे. कनवाळू असे म्हटले असते तर आपण म्हणालो असतो की कनवाळूपणालाही कुठे तरी मर्यादा असेल, चाळिसाव्या वेळी तो कंटाळेल. योहानाने न्यायी हा शब्द घातला, कारण दंड वधस्तंभावर भोगून झालेला आहे आणि न्यायी न्यायाधीश एकाच अपराधाचा दंड दोनदा वसूल करीत नाही. पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की देव स्वतः न्यायी असून येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणारा आहे. तुमची क्षमा देवाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर टांगलेली नाही, त्याच्या न्यायावर उभी आहे.

सत्य हा शब्दही आपण जरा पातळ करून घेतला आहे. जे खोटे नाही ते सत्य, इतकेच आपण समजतो. इब्री भाषेतील सत्यासाठीचा शब्द आणि प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो आमेन हे दोन्ही एकाच धातूचे आहेत आणि त्या धातूचा अर्थ आहे पक्के असणे, भार पेलणे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात अहरोन आणि हूर यांनी मोशेचे हात दोन्ही बाजूंनी धरून ठेवले तेव्हा ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, असे लिहिले आहे. तो स्थिर शब्दही याच घराण्यातला आहे. मोशेचे हात थकलेलेच होते. ते धरलेले होते म्हणून स्थिर होते. देवाच्या सत्यावर विसंबणे म्हणजे आपला भार त्यावर टाकणे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला भावनांची भरती-ओहोटी निराळी समजावून सांगावी लागत नाही. अमावास्या-पुनवेला उधाण येते आणि पाणी माडांच्या मुळाशी लागते; अष्टमीला भांग असतो आणि तेच पाणी निपचित पडते. तुमच्या पश्चात्तापाच्या भावनेचेही तसेच होणार. एखाद्या रविवारी ती उधाणासारखी येईल, मंगळवारी तिचा मागमूस नसेल. ज्याने आपली क्षमा त्या पाण्यावर उभी केली त्याला दर पंधरवड्याला नव्याने बुडावे लागते.

मग असे कोणी म्हणेल की क्षमा इतकी पक्की असेल तर पाप करीत राहायला काय हरकत आहे. पौलाला हा आक्षेप त्याच्या हयातीतच ऐकावा लागला होता आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच त्याने या प्रश्नाने केली आहे. तुम्हाला मी यावर फार सांगणार नाही, कारण ज्याला क्षमा मागायची लाज वाटते तो माणूस हा आक्षेप घेणारा नव्हे. एवढे मात्र सांगतो की क्षमा म्हणजे परिणाम पुसले जाणे नव्हे. दाविदाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला मारवले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने दाविदाला तो मनुष्य तूच आहेस असे तोंडावर सांगितले, दाविदाने मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे असे म्हटले, आणि नाथानाने त्याच श्वासात क्षमा जाहीर केली; तरी उरीया परत आला नाही आणि दाविदाचे घर पुढे कधी शांत झाले नाही. आंब्याच्या व्यापाऱ्याला दोन गिऱ्हाइके सापडली नाहीत, ती सापडली नाहीतच.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृत विद्येत त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते, पवित्र शास्त्राचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, पुढे मूळ भाषांवरून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. असे असूनही त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपण पापी आहोत आणि तारणारा आत्ता, आहे त्या स्थितीत आपल्याला हवा आहे, हे त्यांनी आठ वर्षांनी मानले. तुमची नऊ वर्षे वाया गेली असे समजू नका.

आता येशूचा शिष्य पेत्र याच्याविषयी लिहितो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मी देवाचा आहे की नाही याचे, उत्तर मला त्याच्याकडे दिसते. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्र ठामपणे म्हणाला होता की सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याने आपल्या मनाला विचारले आणि मनाने तसे सांगितले. काही तासांत, प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीपाशी हात शेकत असताना, त्याने तीनदा नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो: एकदा तिथे आणि एकदा एकविसाव्या अध्यायात, तिबिर्य समुद्राच्या काठी, जिथे उठलेला प्रभू पहाटे निखाऱ्यांवर मासळी भाजत शिष्यांची वाट पाहत आहे. रात्रभर जाळे टाकून काही न मिळालेली माणसे, ओली वाळू, निखाऱ्यावरच्या मासळीचा वास. आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला या प्रसंगाची टीप द्यावी लागत नाही. त्या विस्तवापाशी प्रभू त्याला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? पेत्र या वेळी मनाला विचारत नाही. तिसऱ्यांदा तो दुःखी होऊन म्हणतो की प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, मी तुझ्यावर प्रीती करतो हे तुला ठाऊक आहे. आपल्याविषयीचा निवाडा तो प्रभूच्या ज्ञानावर सोपवतो. योहानाच्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे विसावे वचनही हेच सांगते: आपले मन आपल्याला दोषी ठरवीत असले तरी देव आपल्या मनाहून थोर आहे आणि त्याला सर्व ठाऊक आहे. तुमचे जे पाप अजून तुम्हालाही दिसलेले नाही तेही त्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनच त्याने तुम्हाला बोलावले.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहा. त्यालाही पश्चात्ताप झाला, त्याने चांदीची नाणी परत आणली, मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केले असे उघड म्हटले. पण हे सगळे तो याजकांकडे घेऊन गेला, ज्यांनी त्याला आमचे त्याच्याशी काय, असे म्हणून वाटेला लावले. ख्रिस्ताकडे तो गेला नाही. मन दोषी ठरवू लागले की लगेच विचारावे, हा आवाज मला कोणाकडे ढकलतो आहे? पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमके बोट ठेवतो, अमुक दिवशीची अमुक गोष्ट, आणि ती घेऊन वधस्तंभाकडे नेतो. तू आहेसच तसा, तुझे काही होणार नाही, असे मोघम बोलून अंधारात एकटे बसवणारा आवाज त्याचा नव्हे.

तुम्ही आपल्या पापाचे नाव लिहिलेले नाही आणि मी विचारणारही नाही. परंतु देवापुढे ते नाव उच्चारा, मनातल्या मनात नव्हे, ओठांनी, शास्त्रात त्याला जे म्हटले आहे त्याच शब्दाने. त्यानंतर लगेच योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन मोठ्याने वाचा आणि आमेन म्हणा; भावना येण्याची वाट पाहू नका. याकोबाच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करा असे सांगितले आहे, ते आपल्या मंडळ्यांत आपण जवळजवळ टाकूनच दिले आहे. आपले कॅथलिक बंधू पापनिवेदनासाठी धर्मगुरूंकडे जातात. तो त्यांच्याकडे संस्कार आहे, आपण तसे मानत नाही. पण दुसऱ्या माणसाच्या तोंडून तुला क्षमा झाली आहे हे ऐकण्याची गरज आपल्यालाही तितकीच आहे. आपल्या पाळकांकडे किंवा तोंडाला कुलूप असणाऱ्या एखाद्या वडिलांकडे जा. ज्याच्या घरी चहा झाल्याबरोबर गावभर बातमी होते त्याच्याकडे जाऊ नका. हे पाप व्यसनाच्या जातीचे असेल, दारू असो, जुगार असो वा मोबाइलवरचे काही असो, तर डॉक्टरांचीही मदत घ्या. त्याने विश्वास कमी ठरत नाही. आणि मन इतके अंधारले असेल की जगणे नको वाटते, तर माझ्या उत्तरावर विचार करत बसू नका, आजच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि इस्पितळात जा.

पुढच्या प्रभुभोजनाला बाहेर उठून जाऊ नका. पौलाने परीक्षा करून मग खावे असे सांगितले आहे. परीक्षा करून उठून जावे असे सांगितलेले नाही. आमचे ते व्यापारी दीड वर्षाने एका रविवारी शेवटच्या बाकावरच बसून राहिले. मी भाकरीचे ताट घेऊन तिथवर गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पण हात पुढे केला. तो हात थरथरत होता, आणि त्यांनी तो मागे घेतला नाही.